घडी एकदा पडली की

“मॅडम, प्रथिन एकच, अमिनो आम्लांचा क्रमही तोच, जनुकात काडीचा फरक नाही. मग त्याच्यापासून वेगवेगळ्या जातीचे प्रिऑन होतात कसे?” प्रिऑन म्हणजे असं प्रथिन, ज्याची वेगळी पडलेली घडी त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या रेणूंनाही लागते. नाशिकला कॉलेजात शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा निवांत सांगते. पीएचडीची कितीतरी वर्षं मी याच प्रश्नापायी यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या, प्लेटांसमोर काढली आहेत.

येवल्यातलं पैठणीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. पहिली साडी ज्या घडीने ठेवली, त्याच घडीने तिच्यावर दुसरी, मग तिसरी. काठावर काठ, पदरावर पदर. यीस्टच्या प्रिऑनमधला अमायलॉइड तंतू, म्हणजे प्रथिनाच्या रेणूंची लांब थप्पी, असाच रचलेला असतो. एकेक रेणू सपाट घडी घालून आधीच्यावर बसतो. दोन थरांत अंतर ४.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा साधारण वीस लाखावा भाग. सुटा रेणू सैल असतो. तंतूच्या टोकाला चिकटला की तिथे असलेली घडी तो उचलतो. कापड तेच, पण घडी अनेक तऱ्हांनी घालता येते, आणि जी पहिल्यांदा पडली तीच पुढे चालते.

पुष्कळ जण इथे विरजणाचं उदाहरण देतात. मला ते अपुरं वाटतं. विरजणात जिवाणू असतात, त्यांचा स्वतःचा डीएनए असतो. इथे एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाते ती फक्त घडी. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रिऑन’ हा शब्द आणला, तेव्हा सगळ्यात अवघड आक्षेप हाच होता. मेंढ्यांना प्रिऑनमुळे होणाऱ्या स्क्रेपी या मेंदूच्या रोगाच्या वेगवेगळ्या जाती आधीपासून माहीत होत्या. डीएनए नाही, आरएनए नाही, तर जात टिकते कशाच्या जोरावर?

त्याचं माझ्या मते सगळ्यात देखणं उत्तर २००४ मध्ये मोतोमासा तानाका आणि जोनाथन वाइसमन यांच्या गटाने कॅलिफोर्नियात दिलं. यीस्टच्या सुप३५ या प्रथिनाचा प्रिऑन होणारा तुकडा त्यांनी घेतला आणि त्याचे तंतू दोन तापमानांना तयार केले, ४ अंश आणि ३७ अंश सेल्सिअस. आपल्याला दोन्ही ओळखीची. निफाडला पारा चार-पाचावर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि ३७ म्हणजे आपला एप्रिल. पुढे हे तंतू त्यांनी यीस्टच्या पेशींत घातले. तंतू नसतील तर या यीस्टच्या वसाहती लाल दिसतात. थंडीत घडलेल्या तंतूंनी बहुतेक पांढऱ्या झाल्या, उष्णतेतल्यांनी फिक्या गुलाबी. यीस्ट दोन्हीकडे एकाच तापमानाला वाढत होतं, तरी पिढ्यान्‌पिढ्या रंग टिकला. जन्माच्या वेळचं हवामान घडीत कायमचं उतरलं होतं.

पांढरा रंग म्हणजे प्रिऑन जोरकस, गुलाबी म्हणजे सौम्य. आता सांगा, जोरकस प्रिऑनचा तंतू जास्त भक्कम असेल की कमी? मुलं हमखास भक्कम म्हणतात, मीही तेच म्हटलं असतं. पण ४ अंशांवरच्या तंतूत प्रथिनाचा लहान भाग, पहिली चाळीसेक अमिनो आम्लं, घट्ट घडीत असतो. ३७ अंशांवरच्या तंतूत ती घडी सत्तरच्या आसपास पोचते. थंडीतला तंतू वाढतोही हळू, पण ठिसूळ असल्याने सारखा तुटतो. प्रत्येक तुकड्याला नवी टोकं, प्रत्येक टोकावर नवी थप्पी. त्या तुटण्यातच त्याचा जोर आहे. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

यीस्टचा हा प्रिऑन माणसाला होत नाही, त्यामुळे पाव खाताना काळजी नको.

काळजी आहे ती माणसाच्या मेंदूतल्या घड्यांची. केंब्रिजच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत साचणाऱ्या टाऊ या प्रथिनाच्या तंतूंची रचना अणूंच्या पातळीवर दाखवली. २०१९ मध्ये डोक्यावर वर्षानुवर्षं मार झेललेल्या मुष्टियोद्ध्यांच्या आणि एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूतली. टाऊचे तेच सहा प्रकार दोन्हीकडे, घडी वेगळी. टाऊला प्रिऑन म्हणावं का यावर वाद आहेत. पण शेजारी बसून, सेवा करून अल्झायमर लागत नाही, हे मी ठामपणे सांगते, कारण आमच्याच घरी चुलत जावेने याच भीतीपोटी मामांकडे येणं थांबवलं होतं.

मामा गंगापूर रोडला राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी मला ओळखणं सोडलं. फाइलवर एकच शब्द आहे, डिमेन्शिया. मामी दर भेटीत विचारते, “कोणता गं प्रकार यांचा? तू तर यातलंच शिकलीस ना?” आतली घडी इतकी स्पष्ट दिसते ती मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूच्या तुकड्यात, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मी मामांचा हात हातात घेऊन बसते. ते माझ्या ओढणीचा पदर धरतात आणि त्याची घडी घालत राहतात, उलगडतात, पुन्हा घालतात.