हॉलमधली ओल आणि सिंकमागचा एल्बो

सांगलीतलं बैठं घर, चाळीसेक वर्षांचं. काम ठरलं होतं स्वयंपाकघराचं: कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट, नव्या टाइल्स आणि जाता जाता हॉलला रंग. हॉलच्या भिंतीला जमिनीपासून दीड फुटावर लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारे पांढरे क्षार) लागला होता. "दर दिवाळीला रंग काढतो, संक्रांतीपर्यंत परत पोपडे," घरच्या काकू म्हणाल्या. जमिनीची ओल, असंच सगळे धरून चालले होते. पण ती भिंतीच्या लांबीभर पट्टा धरून चढते. इथे परातीएवढा एकच डाग, तोही भर मेमध्ये ओला. आणि भिंतीपलीकडे नेमकं सिंक.

ओटा फोडण्याआधी नळांच्या जागी प्लग मारले, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि हातपंपानं लाइनला ५ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब दिला. दहा मिनिटांत काटा २ वर, म्हणजे लाइन गळत होती. गिलावा फोडल्यावर अर्ध्या इंची जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा) एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, दिसला. सुतळी-सफेद्याचा जोड, आट्यांपाशी सुईच्या टोकाएवढं भोक. आटे पाडताना पाइप तिथेच पातळ होतो, जस्तही निघून जातं. गंज पहिला तिथेच धरतो. नुसता एल्बो बदलून पुढचा जोड गेला असता, म्हणून सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिक पाइपची केली. नळांपाशी मात्र पितळी आट्यांचेच एल्बो. प्लास्टिकचे आटे नळ आवळताना तडकतात. टाइलवाले दोन दिवस खोळंबले, कुरकुर झाली. तरी १० किलोवर रात्रभर काटा हलला नाही हे पाहिल्याशिवाय पाइपसाठी भिंतीत पाडलेली झिरी बुजवू दिली नाही.

हॉलची बाजू जास्त नाजूक. आधीच्या रंगाऱ्यानं ओल्या भिंतीवरच वॉटरप्रूफ पुट्टी ओढली होती. पाणी आत कोंडतं, क्षार मागे साठतात आणि पुट्टीलाच ढकलून पाडतात. डागाच्या चारी बाजूंनी फूटभर जास्त गिलावा विटेपर्यंत काढला आणि लोणा कोरड्या ब्रशनं झाडला. तो धुवायचा नाही. क्षार विरघळून परत विटेत मुरतात. मग फूटभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून २४ तास ठेवलं. आत दव धरलं, म्हणजे भिंत अजून ओलीच. दर आठवड्याला तेच करत राहिलो. प्लास्टिक कोरडं निघायला दीड महिना लागला, मगच गिलावा. टीव्ही युनिट तिथेच यायचं होतं, ते भिंतीला हवा लागावी म्हणून मागची प्लाय न लावता भिंतीपासून २ इंच सोडून बसवलं.