केमिस्ट्री, पेपर 3

तुमच्या बी.एस्सी.च्या मार्कशीटवर नुसतं 'केमिस्ट्री, पेपर 3' असं छापलं असेल आणि अमेरिकेत रजिस्टर्ड डायटिशियन व्हायचा विचार असेल, तर बाकी सगळं सोडा आणि आधी त्या वर्षीचा सिलॅबस शोधा. मी हे शेवटी केलं, म्हणून अजून चिडचिड होते.

मी इंदूरला राहते, लोकमान्य नगरात सासर. माहेर महाराष्ट्रात आणि डिग्रीही तिकडचीच, 2009 ची. नवऱ्याची ओहायोत बदली झाली, तो पुढे गेला, मी आणि मुलगी सासूबाईंजवळ राहिलो. डायटिशियनचं खूळ डोक्यात आलं ते सासूबाईंच्या शुगरमुळे. त्यांना मिळालेल्या तक्त्यात सकाळी ओट्स आणि रात्री ब्रोकोलीचं सूप होतं. सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला, घडी करून डब्याखाली ठेवला आणि समोरच्या पोह्यांवर जीरावण, म्हणजे इंदुरी मसाला, भुरभुरलं. हे काम कोणीतरी बरं करायला हवं, असं मला तेव्हा वाटलं. ते 'कोणीतरी' मीच का, याचं उत्तर मात्र अजून नाही.

आपल्याकडे आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षण, इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा, असा साधारण रस्ता आहे. पण मला जायचं होतं ओहायोला, म्हणून तिकडचे नियम वाचायला बसले. तिथे 1 जानेवारी 2024 पासून आरडीच्या परीक्षेला बसायला मास्टर्स लागतं. त्याशिवाय देखरेखीखाली किमान 1000 तास प्रत्यक्ष काम. काही कॉलेजांत दोन्ही एकत्र होतं, मी तसलंच शोधत होते. आणि या सगळ्याच्या आधी, दारातच, प्रीरिक्विझिट्स, म्हणजे प्रवेशाआधी झालेले हवेत असे विषय: ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. कॉलेजागणिक यादी थोडी बदलते.

मी खूश. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली बाई मी, यातलं निम्मं तर आपलं झालेलंच आहे! मार्कशीटचं मूल्यांकन, म्हणजे आपले विषय तिकडच्या हिशेबात मांडून घेणं, विनासायास झालं (विद्यापीठाचं पाकीट सीलबंद हवं, शिक्का फ्लॅपवर अर्धा इकडे अर्धा तिकडे, एवढं सांभाळा). अहवाल आला. त्यात माझी तीन वर्षांची केमिस्ट्री एका शब्दात बसली होती: केमिस्ट्री. कॉलेजच्या समन्वयक बाईंनी अगदी गोड मेल केला, की यात ऑरगॅनिक कुठे आहे, बायोकेमिस्ट्री कुठे आहे ते आम्हाला कळत नाही. त्या वर्षीचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह पाठवा.

इथून पुढे चार महिने गेले.

2024 च्या जूनमध्ये रात्रीच्या बसने गेले. मामाकडे उतरले, आंघोळ करून साडेदहाला विद्यापीठात. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, तिथली डिग्री अजून वापरायची आहे. शैक्षणिक विभागातल्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "सिलॅबस? वेबसाइटवर आहे की, मॅडम." वेबसाइटवर होता तो नंतर बदललेला. माझा 2006 ते 2009 चा. "एवढा जुना?" ते असं म्हणाले, जणू मी पेशव्यांचं दफ्तर मागतेय. मग म्हणाले, रेकॉर्ड रूममध्ये असेल, पण रेकॉर्ड रूमचे साहेब रजेवर. सोमवारी या.

सोमवारी मी इंदूरला होते, मुलीची शाळा सुरू होत होती. मामा गेला. त्याला सांगितलं, अर्जदार स्वतः हवा. जुलैत परत मी गेले. साहेब होते, किल्ली नव्हती. किल्ली आली तर खोलीतला दिवा गेलेला. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी राहिले आणि त्यांनी दारातूनच एक नजर टाकून सांगितलं, "नाही दिसत."

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे, कोणाला खरं वाटणार नाही, तो सिलॅबस होता. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, पिवळा पडलेला, पण पूर्ण. 30 रुपयांत प्रत काढून मी धावत विभागात गेले. गृहस्थ म्हणाले, "बाहेरच्या प्रतीवर शिक्का कसा देणार? मूळ प्रतीशी ताडून बघावी लागेल." मूळ प्रत कुठाय? "ती सापडत नाहीये ना, मॅडम." हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की क्षणभर मलाच ते पटलं.

संध्याकाळी मामाच्या गॅलरीत बसून मी रडले, खोटं कशाला सांगू. मामा आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला. तो म्हणाला, "तू विनंती कसली करतेस? माहिती अधिकार टाक."

दुसऱ्या दिवशी टाकला. महाराष्ट्रातल्या अर्जाचा ठरलेला नमुना आहे, जोडपत्र 'अ'. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. मी लिहिलं: अमुक वर्षाच्या बी.एस्सी. रसायनशास्त्र अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत द्यावी, आणि अभिलेख उपलब्ध नसल्यास तसं लेखी कळवावं. हे दुसरं वाक्य मामाचं, आणि माझ्या मते सगळं काम त्यानेच केलं. अर्ज आवक-जावकला दिला, पोच घेतली. पोच घ्याच. जन माहिती अधिकाऱ्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात.

सव्विसाव्या दिवशी फोन. "मॅडम, सिलॅबस सापडला. तो अर्ज तेवढा मागे घ्या." मी म्हटलं, आधी शिक्का मारलेला कागद हातात द्या, मग बघू. पुन्हा रात्रीची बस. टेबलावर ती पुस्तिका होती आणि तिच्या मुखपृष्ठावर चहाच्या कपाचे तीन गोल डाग. रेकॉर्ड रूममध्ये चहा कोण पितं, हे मी विचारलं नाही. 46 पानं, प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि सही. सह्या करता करता ते गृहस्थ म्हणाले, "अमेरिकेत हे सगळं वाचतात का हो?"

वाचतात. समन्वयक बाईंनी पान न पान वाचलं. ऑरगॅनिक केमिस्ट्री मान्य झाली. बायोकेमिस्ट्री नाही. आमच्या पेपरात कर्बोदकं, अमायनो आम्लं, प्रथिनं यांची रचना होती, पण शरीरात त्यांचं पुढे काय होतं, ते नव्हतं. आणि असतं तरी उपयोग शून्य, कारण त्या कॉलेजला बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी मागच्या दहा वर्षांतलीच चालते. ही अट त्यांच्या वेबसाइटवर होती, खाली, बारीक अक्षरात. म्हणजे त्या चार महिन्यांतून मिळाला तो एक विषय. तुम्ही आधी एक मेल करून विचारा: किती वर्षांपूर्वीचा विषय चालतो, प्रयोगशाळा वेगळी लागते का, ऑनलाइन प्रॅक्टिकल धरतात का. उत्तर लेखी ठेवा, पुढे माणसं बदलतात.

फिजिऑलॉजी ऑनलाइन केली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बायोकेमिस्ट्रीने घाम काढला. तिकडे संध्याकाळी सहाची परीक्षा म्हणजे उन्हाळ्यात इथे पहाटेचे साडेतीन. क्रेब्ज सायकलचा (पेशी अन्नातून ऊर्जा काढतात ते चक्र) तक्ता मी फ्रिजच्या दारावर चिकटवला होता, दूध काढताना सायट्रेट, ताक ठेवताना सक्सिनेट. परीक्षेच्या रात्री कॅमेऱ्यासमोर खोलीत दुसरं कोणी नको असतं. सासूबाईंना बजावून ठेवलं होतं, तरी पावणेचारला दार किलकिलं झालं आणि हात तेवढा आत आला, चहाचा कप घेऊन. नशीब, बोलल्या नाहीत. बी प्लस मिळाला. सतरा वर्षांनी केमिस्ट्रीत बी प्लस मिळवलेल्या बाईने शेजारीपाजारी किती जणांना सांगावं याला मर्यादा असते, ती मी पाळली नाही.

अजून स्टॅटिस्टिक्स राहिलंय, त्याची फी परवा भरली. आणि हो, शिक्का मारून घेताना एक प्रत घेऊ नका, तीन घ्या, वेगवेगळ्या सीलबंद पाकिटांत. दुसऱ्या कॉलेजलाही तेच लागतं, आणि पाकीट तुम्ही फोडलं की ते बाद. माझ्याकडचं शेवटचं कपाटात साड्यांखाली आहे.