मनातलं लिहायचं नाही

सोमवार, रात्री

आज शेवटी ठरलं. आमचा गिरणीचा खेळ यंदा शेडमध्ये नाही, ऑनलाइन. दुसरा इलाजच नव्हता. निम्मी मंडळी पुण्यात, दोघं हैदराबादला. शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री उतरायचं आणि जाग येईपर्यंत परतीचा विचार सुरू करायचा, हे एकदोनदा जमतं, मग घरचे विचारतात की तू नेमका आम्हाला भेटायला येतोस का कारखान्यात लपाछपी खेळायला.

लपाछपी म्हणजे अगदीच अन्याय. पण लार्प, म्हणजे स्वतः पात्र होऊन खेळायचा हा खेळ, समजावून सांगणं मलाही कधी नीट जमलेलं नाही. नाटकवाले विचारतात, संहिता कुठाय? नाही. प्रेक्षक? तेही नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. तू कोण, तुला काय हवंय, तू काय लपवतोयस. बाकी सगळं जागच्या जागी. अमेरिकेत १९७७ मध्ये डागोर्हिर नावाच्या गटानं फोम गुंडाळलेल्या तलवारी घेऊन रानात लढाया सुरू केल्या, १९८२ मध्ये इंग्लंडात पेकफर्टनच्या किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप नावाचा असाच खेळ सुरू झाला. नॉर्वे-स्वीडनकडच्या लोकांनी पुढे निराळाच रस्ता धरला: तलवारी नकोत, एक खोली, काही माणसं आणि त्यांच्यातला पेच पुरे. ओस्लोत १९९७ पासून त्यांचं क्नूटेपुंक्ट नावाचं संमेलनही भरायला लागलं. आमचा खेळ या दुसऱ्या जातीचा. एका गिरणीतली एक रात्र. पहाटेचा भोंगा वाजायच्या आत संप करायचा की नाही ते ठरवायचं.

आमच्यातल्या एकाच्या चुलत्यांची सोलापूरच्या पूर्व भागात बंद पडलेली यंत्रमागाची शेड आहे. माग भंगारात गेले, दोन तेवढे कोपऱ्यात राहिले. छताच्या कैच्यांवर अजून कापसाचं तूस लटकतं आणि मागाच्या पट्टीवरून बोट फिरवलं की तेल आणि धुळीचा काळा चिकट थर नखात जाऊन बसतो. तिथे उभं राहिलं की अभिनय करावाच लागत नाही. ट्रकच्या सामानाच्या दुकानातून आणलेला हॉर्न हा आमचा भोंगा. मनगटाला पांढरा दोरा बांधला की तो माणूस खेळाबाहेर, त्याला पाणी पिऊ द्यायचं.

हे सगळं फोनच्या पडद्यावर कसं न्यायचं, हा प्रश्न माझ्या गळ्यात पडलाय. कारण मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते आणि यांच्या मते हिशेबवाल्यांना नियम करता येतात.

बुधवार

पहिली चाचणी झाली. गोंधळ नुसता.

शेडमध्ये एकाच वेळी पाच कोपऱ्यांत पाच गोष्टी चाललेल्या असतात. ग्रुपवर सगळं एकाच नळातून येतं. सावकारीण व्याजाचं बोलतेय, त्यात कामगार भरणाऱ्या जॉबरचा दम, त्यात कुणाचा तरी अंगठा. मुख्य म्हणजे सगळ्यांना सगळं ऐकू जातंय. गुपित काय ठेवणार, डोंबल?

म्हणून व्हॉट्सॲप सोडून डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आलो आणि वेगवेगळ्या खोल्या केल्या: साचेखातं (मागांचा विभाग), गेट, चहाची टपरी, मुकादमाची खोली. दोघांना कुजबुजायचं तर स्वतंत्र संदेश. गुपितांची सोय झाली, आणि संशय मेला. शेडमध्ये मला जॉबर आणि फौजदार मागाआड बोलताना दिसायचे. शब्द कळायचे नाहीत, पण दिसायचे. त्या दिसण्यावरच निम्मा खेळ चालायचा. आता दोघं कुठेतरी खासगीत बोलतात आणि बाकी जग टपरीवर निवांत चहा पितंय.

यावर रात्री बराच वेळ डोकं खाजवलं. मग गेटवाल्याचं पात्र आठवलं. शेडमध्ये त्याला फारसं काम नसायचं, दारात स्टुलावर बसून राहायचा. आता तोच खेळाचा डोळा करायचा. खासगीत बोलणाऱ्यांनी त्याला एवढंच कळवायचं की आम्ही भेटलो, कुठे आणि साधारण किती वेळ. तो दर थोड्या वेळानं गेटच्या खोलीत नोंद टाकणार: ‘जॉबर आणि फौजदार मागच्या बोळात. फौजदार आधी निघाला. जॉबरच्या हातात काहीतरी होतं.’ काय बोलले ते त्यालाही ठाऊक नाही. हातात खरंच काही होतं का, हे लिहायचं की नाही, तेही त्याच्या मर्जीवर. गेटवाल्यालासुद्धा पैसे चारता येतात, हे सावकारिणीच्या तासाभरात लक्षात आलं.

सावकारीण आणि विणकरीण खऱ्या आयुष्यात पद्मशाली घरातल्या मावसबहिणी. शेडमध्ये त्या सगळ्यांच्या देखत तेलुगूत बोलायच्या आणि आम्ही नुसते तोंडाकडे बघत बसायचो. ‘एमैंदी अक्का?’ (काय झालं ताई?) एवढं सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही कळतं, त्याच्या पुढचं नाही. ऑनलाइन तेच लिहिलं की फौजदारानं उचललं, भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं आणि दोन मिनिटांत छापा. आता दोघी उघड्यावर एवढंच लिहितात: ‘दोघी तेलुगूत काहीतरी बोलतात. मधेच हसतात.’ त्या हसण्यानं फौजदाराची झोप उडालीय म्हणे.

शुक्रवार, उशिरा

आजचं भांडण मोठं होतं आणि ते होणारच होतं.

फौजदारानं लिहिलं, ‘फौजदार दार तोडून आत येतो, बदलीवाल्याला लाथ घालतो, बदलीवाला रडत जमिनीवर कोसळतो.’ बदलीवाला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागणाऱ्याचं पात्र करणारा, पुण्यातून उसळला, ‘मी कोसळलो हे तुला कुणी सांगितलं?’

बरोबर आहे त्याचं. शेडमध्ये माझं अंग माझ्या ताब्यात असतं. तू ढकललंस तर पडायचं की मागाला धरून उभं राहायचं, ते मी ठरवते. मारामारीचा निकाल हवाच असेल तर दगड-कागद-कात्री. पिशाच्चांच्या लार्पवाल्यांनी १९९३ मध्ये छापील नियमांत तीच पद्धत ठेवली होती, तेव्हा कुणी हसू नये. लिहिताना मात्र पेन ज्याच्या हातात त्याला सगळ्यांची हाडं मोडायला मिळतात. चॅटवर गोष्टी खेळणाऱ्यांमध्ये ही तक्रार जगभर आहे आणि तिच्यावरचा तोडगाही सगळीकडे साधारण एकच: आपल्या पात्रानं काय करायला घेतलं तेवढं लिहायचं, पुढे काय झालं ते समोरचा लिहील. फौजदार लाथ उगारेल. लागली का, किती लागली, ते बदलीवाला सांगेल. फौजदार म्हणाला, मग तो कधीच पडणार नाही. मी म्हटलं, बघ तर. पुढच्याच संदेशात बदलीवाला पडला. नुसता पडला नाही, पडताना हाताला लागलेला मागाचा धोटा त्यानं मुठीत घट्ट धरला आणि तिथून सगळा प्रसंगच फिरला. हे फौजदाराला सात जन्मांत सुचलं नसतं.

दुसरा नियम माझा एकटीचा. त्यावर अजून कुरबुर चालू आहे. मनातलं लिहायचं नाही.

लिहायला बसलं की पहिला मोह तोच होतो. जॉबरनं लिहिलं होतं, ‘जॉबरच्या मनात पाल चुकचुकली. मुकादम आपल्याला विकणार हे त्यानं ओळखलं.’ वाचायला बरं आहे, पण आता सगळ्यांना ठाऊक झालं की जॉबरला ठाऊक आहे, मग मुकादमानं खेळायचं काय? शेडमध्ये जे डोळ्यांना दिसलं असतं आणि कानांना ऐकू आलं असतं, तेवढंच चालेल, असं मी सांगितलं. तो चिडला. दहा मिनिटं ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग आलं:

‘जॉबर विडी अर्ध्यावर विझवतो. उरलेली कानावर ठेवतो. मुकादमानं पुढे केलेला चहा घेत नाही.’

मुकादम विचारतो, का रे, चहा सोडलास? जॉबर म्हणतो, आज गोड जास्त झालाय. बस. गेटवाल्यानं नोंद केली आणि सगळी गिरणी त्या चहाच्या मागे लागली.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की लिखाणाची ताकदच मनात शिरण्यात आहे, ती सोडायची तर मग कशाला लिहायचं? मला पटत नाही. कादंबरी लिहायची असेल तर एकट्यानं लिहावी. इथे लिहिणारे चौदा आणि वाचणारेही तेच चौदा. समोरच्याला ओळखायला काही उरलं पाहिजे.

रविवार

गंमत म्हणजे माणसं उलटीपालटी झाली. आमचा हुकमी नट, हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका गाजवलेला, ज्याच्या एका ‘चला रे’नं शेड हलायची, तो इथे अगदीच पुचाट. म्हणतो, ‘मी टाइप करायलो की तहसीलचं पत्र होतंय बे.’ खरंच होतं. ‘सदर कामगार संपास पाठिंबा दर्शवतो.’ त्याच्यासाठी एका प्रसंगाला एक व्हॉइस नोट, अशी सूट दिलीय. आणि विणकरीण, जी शेडमध्ये भिंतीला टेकून उभी असायची, तिच्या दोन ओळींनी परवा सगळे गप्प झाले. ‘विणकरीण तुटलेला धागा जोडते. पुन्हा तुटतो. पुन्हा जोडते. कुणाकडे बघत नाही.’ संपाच्या बाजूनं आहे की विरोधात, यावर पुण्याचे दोघं तासभर फोनवर भांडले.

संदेश दुरुस्त करण्यावरही नियम लागला. बोललेला शब्द तोंडात परत घेता येत नाही, मग डिस्कॉर्डवर तरी का यावा? ऱ्हस्वदीर्घ सुधारा, संवाद सुधारायचा नाही. चुकून जास्त बोलून गेलात तर निस्तरा.

पुण्याच्या एकानं आज नवीन काढलं. गाव काल्पनिक कशाला? सरळ सोलापूर घेऊ, मे १९३०, मार्शल लॉ. एवढा इतिहास घरचा असताना! मी नाही म्हटलं, आणि बराच वेळ म्हणत राहिले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, आणि त्यांच्या पुतळ्यांवरून आम्ही रोज कामाला जातो. या खेळात शेवट कुणालाच माहीत नसतो, तोच तर खेळ. तिथे शेवट ठरलेला आहे. तो बदलू द्यायचा नाही तर खेळाडूंनी करायचं काय? आणि बदलू दिला तर ते मला बघवणार नाही. काल्पनिक गिरणीच बरी. तसंही सोलापूर काही बाहेर राहात नाही. कामगारांच्या डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणीच निघते, कुणीही न ठरवता.

मंगळवार, काही आठवड्यांनी

वेळेचं गणित सुटत नव्हतं. शेडमधली रात्र चार तासांत संपायची आणि घड्याळाकडे बघून पोटात गोळा यायचा. इथे तीच रात्र आठवडे चाललीय. खेळात मध्यरात्र, आणि बदलीवाला ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत लिहितो की त्याला झोप येतेय. तर बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊ ते साडेदहा सगळ्यांनी हजर राहायचं, खेळ तेव्हाच पुढे सरकेल. सुरुवातीला आणि शेवटी मी त्याच हॉर्नचं रेकॉर्डिंग टाकते. मधल्या दिवसांत फक्त चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांवरून एक वाईट प्रकार झाला तोही नोंदवते. मुकादमानं रात्री साडेअकराला बदलीवाल्याला चिठ्ठी पाठवली: ‘उद्यापासून येऊ नकोस.’ खेळात चोख चाल. पण ज्याला ती गेली त्याचं पुण्यातलं कंत्राट याच महिन्यात संपतंय, आणि ते पत्र कधीही येईल म्हणून तो फोन उशाशी घेऊन झोपतो. पडद्यावर आधी वाक्य दिसलं, नाव नंतर. नॉर्डिक लार्पवाले याला ब्लीड म्हणतात, पात्राचं खेळणाऱ्यात पाझरणं. शेडमध्ये खेळ संपला की आम्ही कोपऱ्यावर भजी-चहा घ्यायचो, मुकादम स्वतः बदलीवाल्याचे पैसे द्यायचा, आणि तासाभरात सगळे आपापले व्हायचे. फोनमध्ये कोपरा नसतो. आता रात्री दहानंतर चिठ्ठी नाही, डिस्कॉर्डच्या सूचना बंद ठेवायच्या, आणि साडेदहाच्या हॉर्ननंतर पंधरा मिनिटं व्हिडिओवर, आपापल्या नावानं, खेळ सोडून काहीही. शनिवारी तिथे दहा मिनिटं नुसती हैदराबादच्या उकाड्यावर चर्चा झाली. चालतंय.

आता राहिला मुकादम. गेले दोन भोंगे तो आलाच नाही. शेडमधून जाणारा दोरा बांधून जायचा, इथे माणूस नुसता दिसेनासा होतो आणि त्याच्या खोलीत तिघं खोळंबून बसतात. गेटवाल्यानं दोन्ही वेळा ‘मुकादम दिसला नाही’ एवढंच लिहिलंय. फौजदाराला तर आयतंच मिळालं. तो म्हणतो, लाचेच्या आरोपावरून अटक करून टाकतो. पण नियम माझाच: अटक करायला जाता येतं, झाली की नाही ते मुकादमच सांगणार. उद्या नऊच्या आत त्याला फोन लावायचाय. नाइट शिफ्ट लागली असेल तर कोठडीत बसायला त्याची हरकत नसावी.