सालीवरचं दगडफूल: आधी ओळखा, मग फवारणीचं बोला

पावसाळा ओसरला की आंबा, चिकू, सुपारीच्या खोडांवरचे पांढरे-राखाडी चट्टे एकदम नजरेत भरतात. पाठोपाठ प्रश्न येतो, कोणतं बुरशीनाशक मारू? बहुतेक वेळा उत्तर असतं, कोणतंच नको. तो रोग नाही, दगडफूल आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला शैवाक म्हणतात.

बुरशी आणि शैवल एकत्र राहून हा जीव बनतो. शरीर बुरशीचं, त्यात सुरक्षित राहून शैवल उन्हावर अन्न तयार करतं. हे दुहेरीपण श्वेन्डेनर या स्विस शास्त्रज्ञाने 1867 साली मांडलं, तेव्हा अनेक जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं होतं. झाडाकडून त्याला हवी असते फक्त टेकायला जागा. मुळं नाहीत. खालच्या बाजूला बारीक धागे असले तरी ते सालीच्या मेलेल्या बाहेरच्या थराला चिकटतात, रस ओढत नाहीत. बांडगुळाशी याची गल्लत करू नका. ते फांदीत घुसून खरोखरच रस पितं आणि ते कापायलाच हवं.

मग रोगट झाडावरच दगडफूल जास्त का दिसतं? कारण-परिणाम उलटे आहेत. झाड खंगलं की पानं विरळ होतात, खोडापर्यंत ऊन पोचतं. वाढ मंदावल्याने सालही लवकर बदलत नाही. दगडफुलाला हेच हवं असतं. अशा झाडाचं खोड खरवडण्यापेक्षा बुंध्याशी पाणी तुंबतंय का, डिंक गळतोय का, खोड पोखरणाऱ्या भिरुडाची भोकं आणि भुसा दिसतोय का, ते बघा. पेरू आणि निलगिरी साल सोलून टाकतात म्हणून त्यांच्या खोडावर ते फारसं टिकत नाही, एवढाच त्यांच्या स्वच्छपणाचा अर्थ.

ओळखायला फवारणीची बाटली आणि 10 पट मोठं दाखवणारं भिंग पुरे. कोरड्या चट्ट्यावर साधं पाणी मारा आणि एक-दोन मिनिटं थांबा. वरचा थर ओला होऊन पारदर्शक होतो, आतलं शैवल दिसू लागतं आणि राखाडी रंग हिरवट होतो. नखाने अगदी कडेला ओरखडा काढलात तर खाली हिरवी रेघ आणि तिच्याखाली पांढरा थर दिसेल. भुरी हा बुरशीचा रोग असेल तर ती पीठ लावल्यासारखी पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर असते आणि बोटाला लागते. पिठ्या ढेकूण दाबला की चिकट रस निघतो. खवले कीड नखाने टचकन सुटते. कुंडीवरचे पांढरे डाग बहुधा पाण्यातले क्षार असतात; व्हिनेगरचा थेंब टाका, चुन्याचे असतील तर फसफसतील. भिंग वापरताना एक चूक सर्रास होते, ते सालीजवळ धरून लांबून बघतात. भिंग डोळ्याला टेकवा आणि डोकं सालीकडे न्या.

कोकणातल्या परसात सुरुवात सुपारी किंवा फणसाच्या गुळगुळीत सालीपासून करावी. फिक्या चट्ट्यावर काळ्या, वेड्यावाकड्या, कुठे फाटे फुटलेल्या रेघा दिसल्या तर ते ग्राफिसच्या कुळातलं. मोडी लिहिल्यासारखं दिसतं. त्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू सोडणारी तोंडं. खडबडीत सालीच्या सावलीतल्या फटींत पिवळीधमक भुकटी असेल तर क्रायसोथ्रिक्स. आंब्याच्या फांदीवर कडा उचललेल्या, पानांसारख्या राखाडी झालरी म्हणजे पार्मोट्रेमा किंवा त्याचे भाऊबंद. पावसात फुगून गिळगिळीत, काळपट-निळसर होणारं आणि उन्हात कागदासारखं आक्रसणारं ते लेप्टोजियम. त्यात नॉस्टॉक हे निळं-हिरवं शैवल असतं, म्हणून पाण्याच्या चाचणीत ते हिरवं होत नाही. माडाच्या खोडावरचा किंवा भिंतीवरचा मखमली केशरी थर मात्र बहुधा ट्रेन्टेपोलिया, म्हणजे नुसतं शैवल. निरुपद्रवीच, पण दगडफूल नव्हे.

शहरात बघायला मिळणारं पायक्सीन कोकोस सालीला घट्ट चिकटलेलं, फिकं राखाडी, बारीक फाट्यांचं असतं. त्यावर रात्री 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा, पिवळं चमकेल. स्वस्त टॉर्च 395 च्या असतात, त्यांच्या जांभळ्या उजेडात ही चमक बुडून जाते. पार्मोट्रेमा टिंक्टोरमसाठी घरातलं ब्लीच चालतं: वरचा थर ब्लेडने किंचित खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर टूथपिकने एक थेंब लावा, क्षणात लाल होतो. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर ब्लीच निकामी झालेलं असतं आणि रंग न येण्याला काही अर्थ राहत नाही. चाचणी वाऱ्याने पडलेल्या काटकीवर करा, झाडावर नको.

पानांवरच्या डागांबाबत सावध राहा. आंबा, पेरूच्या पानांवर वीटकरी, मखमली, किंचित उचललेले गोल ठिपके म्हणजे सेफाल्युरोस हे परजीवी शैवल. याने नुकसान होतं. त्याच्याशी एक बुरशी जोडली गेली की स्ट्रिग्युला नावाचं दगडफूल तयार होतं आणि ठिपके राखाडी-पांढरे दिसू लागतात. जुन्या, दाट सावलीतल्या पानांवर थोडे असतील तर सोडून द्या. कोवळ्या फांद्यांपर्यंत पोचले असतील तर आधी छाटणी करून हवा-ऊन खेळतं करा, मग मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा विचार करा. तांबं दगडफुलांना मारतं, त्यामुळे डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, खोडाला बोर्डो पेस्ट लावणं भाग असेल तर लावाच, पण केवळ चट्टे दिसतात म्हणून नको. गेरू-चुन्याचा हात फिरवला तरी त्याखालचं दगडफूल जातं.

त्याला खत नको, पाणीही नको. रोज शिंपडणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण याला ओलं-कोरडं असं चक्र लागतं. सतत ओलं ठेवलं तर ते कुजतं. दह्याचं पाणी लावून कुंडीवर ते उगवण्याचा जो उपाय फिरतो, त्याने बहुतेक वेळा साधं शेवाळच येतं. सालीला घट्ट चिकटलेली खपली वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर पसरते, पानांसारखी साधारण 2 ते 5. तळहाताएवढी झालर सहज दहा-पंधरा वर्षांची असू शकते. तारेच्या ब्रशने ती दोन मिनिटांत संपते. वाढ बघायची तर दरवर्षी नोव्हेंबरात, शेजारी मोजपट्टी धरून, त्याच कोनातून फोटो काढा. नमुना ठेवायचा तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये त्यावर खरीच बुरशी येते.

हवेशी याचं नातं नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दाखवलं होतं. धुराच्या शहरात दगडफुलं नाहीशी होत होती, त्या बागेत टिकून होती. पण उलटा निष्कर्ष सरसकट काढू नका, पायक्सीन कोकोस प्रदूषण बऱ्यापैकी सोसतं. हवेतलं शिसं वगैरे दगडफुलात साठत जातं, म्हणून रस्त्याकडेच्या आंब्यावरची झालर काढून गोड्या मसाल्यात घालायचा मोह नको. शिवाय मसाल्याचं म्हणून खपतं ते पार्मोट्रेमा पर्लाटम नुसत्या डोळ्यांनी शेजारच्या जातींपासून वेगळं काढणं अवघड आहे. मसाल्याचं वाण्याकडूनच आणा.