अध्ययन रजा: अर्जापासून पुन्हा रुजू होईपर्यंत

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी नमुना पाहण्यांच्या आकडेवारीचे काम करते. या कामामागचे संख्याशास्त्र मी नोकरी करता करता जमेल तेवढेच शिकले होते. ते पद्धतशीर शिकावे म्हणून एक वर्षाचा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम निवडला आणि त्यासाठी अध्ययन रजा मागायचे ठरवले. कार्यालयात या रजेविषयी ऐकीव माहितीच फार होती. ती फक्त डॉक्टरांना मिळते असे एक जण सांगे, तर रजेच्या काळात पगार निम्मा होतो असे दुसरा सांगे. त्यामुळे आधी केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 यांतील अध्ययन रजेचे प्रकरण, म्हणजे नियम 50 ते 63, मी शांतपणे वाचून काढले. डॉक्टरांविषयीच्या समजाचे मूळही तिथेच सापडले: इतरांना संपूर्ण सेवेत मिळून 24 महिने आणि एका वेळी साधारणपणे 12 महिने अध्ययन रजा मिळू शकते, तर केंद्रीय आरोग्य सेवेतील अधिकाऱ्यांसाठी ही मर्यादा 36 महिन्यांची आहे.

पात्रतेच्या अटी सरळ होत्या. परिविक्षा कालावधी, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीचा चाचणीचा काळ, समाधानकारकरीत्या पूर्ण झालेला असावा, त्यासह किमान 5 वर्षांची नियमित सलग सेवा असावी आणि रजेवरून परतल्यानंतर 3 वर्षांच्या आत निवृत्ती येत नसावी. यात मी बसत होते, पण पात्र असणे आणि रजा मंजूर होणे यांत बरेच अंतर असते. कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे त्याच नियमांत सुरुवातीला सांगितलेले आहे आणि अध्ययन रजेच्या बाबतीत तर सार्वजनिक सेवेची निकड आधी पाहिली जाते.

नस्ती, म्हणजे अर्जाची फाइल, पुढे सरकते की आस्थापना शाखेच्या टेबलावर पडून राहते, हे माझ्या मते एकाच मुद्द्यावर ठरते: अभ्यासाचा तुमच्या कामाशी प्रत्यक्ष आणि निकटचा संबंध आहे का? बहुतेक अर्जांत ‘सदर अभ्यासक्रम कार्यालयीन कामकाजासाठी उपयुक्त आहे’ एवढे एकच वाक्य असते आणि वरिष्ठांनी त्यावर शंका काढली, तर त्यांना दोष देता येत नाही. मी अर्जासोबत एक स्वतंत्र टिपणी जोडली. तिच्या डाव्या रकान्यात अभ्यासक्रमातील विषय होते आणि उजव्या रकान्यात आमच्या शाखेचे त्या विषयाशी जोडलेले काम. नमुना निवडीच्या पद्धतींसमोर पाहणीसाठी गावे आणि कुटुंबे निवडण्याचे काम लिहिले; अनुमानाच्या विषयासमोर नमुन्यातल्या आकड्यांना भार देऊन एकूण अंदाज काढण्याचे; आणि प्रतिसाद न मिळालेल्या कुटुंबांच्या प्रश्नासमोर, ज्या तक्त्यांत आम्ही या प्रश्नावर दरवेळी तात्पुरता तोडगा काढत होतो, ते तक्ते. ज्या दोन विषयांचा आमच्या कामाशी संबंध नव्हता, त्यांच्यासमोरचा रकाना मी कोरा ठेवला. एका सहकाऱ्याने तिथेही काहीतरी भरण्याचा सल्ला दिला होता, पण ओढूनताणून जोडलेल्या संबंधाने बाकीच्या रकान्यांवरचाही विश्वास उडाला असता. पुढे मुख्यालयाच्या टिपणीत माझ्या याच तक्त्याचा उल्लेख आला.

विभागप्रमुखांची अडचण निराळी होती. माझ्या जागी वर्षभर कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. कोणते काम कोणाकडे जाईल, कोणत्या अहवालाची मुदत केव्हा येते आणि हस्तांतरणाआधी कोणते काम मी संपवीन, याचे लेखी नियोजन मी त्यांच्याशी बोलून तयार केले, आणि त्यानंतरच त्यांनी शिफारस केली.

सर्वांत त्रासाचा भाग प्रवेश आणि मंजुरी यांच्या तारखांचा होता. शिक्षणसंस्था कार्यमुक्तीचे पत्र मागत होती, मुख्यालय प्रवेशाचे पत्र मागत होते आणि मंजुरीपूर्वी अभ्यास सुरू केल्यास किंवा खर्च केल्यास तो स्वतःच्या जबाबदारीवर, असे नियम सांगत होते. संस्थेकडून सशर्त प्रवेशाचे पत्र मिळवून ते नस्तीला जोडले, तेव्हा ही कोंडी फुटली. शुल्काची अंतिम मुदत मात्र मंजुरीच्या आधीच आली आणि ते मी बुडण्याची तयारी ठेवूनच भरले. तसेही शुल्क साधारणपणे कर्मचाऱ्यानेच भरायचे असते. केवळ अपवादात्मक प्रकरणांत सरकार तो भार उचलते.

पगाराबाबतचा समज खोटा ठरला. भारतातील अभ्यासासाठी रजेवर जाण्यापूर्वी मिळत असलेल्या वेतनाइतके रजावेतन, महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा अर्धवेळ कामाचा मोबदला मिळत नसल्याचे प्रमाणपत्र मात्र द्यावे लागते. असे काही मिळत असेल तर ती रक्कम रजावेतनातून वळती होते, परंतु रजावेतन अर्धवेतनी रजेच्या वेतनाखाली जात नाही. संस्थेने मला सहायक म्हणून काही तास शिकवण्याचे विद्यावेतन देऊ केले होते. हिशेब केल्यावर हातात काहीच जास्त पडणार नाही आणि कागद तेवढे वाढतील, हे दिसले, म्हणून मी ते नाकारले.

बंधपत्राकडे कर्मचारी औपचारिकता म्हणून पाहतात, हे मला धोक्याचे वाटते. रजेनंतर 3 वर्षे सेवा करण्याची ती हमी असते. त्याआधी राजीनामा दिला तर रजावेतन आणि सरकारने केलेला इतर खर्च व्याजासह परत करावा लागतो, आणि अभ्यासक्रम पूर्ण न झाल्यामुळे प्रमाणपत्र सादर करता आले नाही तरीही तीच वेळ येते. हे दुसरे कलम फार थोड्यांना ठाऊक असते. खासगी क्षेत्राकडे जायचा विचार मनात असलेल्याने सही करण्यापूर्वी या रकमेचा आकडा स्वतः मांडून पाहावा.

शेवटच्या प्रकल्पाला मंजूर रजेपेक्षा थोडे अधिक दिवस लागणार, हे मार्गदर्शकांनी वेळीच सांगितले. अध्ययन रजा इतर रजांना जोडता येते, मात्र एकूण अनुपस्थिती साधारणपणे 28 महिन्यांच्या आणि पीएच.डी.साठी 36 महिन्यांच्या वर जाता कामा नये. माझा कालावधी त्यापेक्षा बराच कमी असल्याने तेवढ्या दिवसांसाठी अर्जित रजेचा, म्हणजे सेवेत साठत गेलेल्या पगारी रजेचा, अर्ज आधीच पाठवला. उलट, अभ्यास मंजूर रजेपूर्वी संपला असता, तर उरलेले दिवस साधी रजा म्हणून आधी मंजूर करून न घेतल्यास लगेच रुजू व्हावे लागले असते.

परतल्यावर रुजू अहवालासोबत परीक्षेचे प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रम सुरू झाल्याच्या व संपल्याच्या तारखांचे संस्थेचे पत्र दिले. हा काळ पदोन्नती, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतनासाठी सेवा म्हणून धरला जातो आणि रजेच्या खात्यातूनही तो वजा होत नाही. अर्जित रजा मात्र या काळात साठत नाही, फक्त अर्धवेतनी रजा साठते. माझ्या खात्यात आस्थापना शाखेने जानेवारी आणि जुलैची अर्जित रजा नेहमीप्रमाणे जमा केली होती. ती नोंद दुरुस्त करण्यासाठी दिलेला माझा अर्ज सध्या लेखा शाखेकडे आहे.