दुपारी बाग बंद

मंगळवार, रात्री

आज सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरकडं दाखवून येताना त्या म्हणाल्या जरा बागेत टेकूया, आणि बघतो तर गेटला कुलूप. सकाळी दहाला बंद, ते परत चारला उघडणार. बाग नवीन केल्यापासनं हे टायमिंग आलंय. वॉचमन आतच होता, "ईग बंद ऐतरी आक्का" म्हणाला, म्हणजे आता बंद आहे. त्या बिचाऱ्याला सांगितलंय तेवढं तो करतो. सासूबाई समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, मला फार वाईट वाटलं आणि राग पण आला.

दुपारी बागेत कोण येतं हे टायमिंग ठरवणाऱ्यांनी कधी बघितलंच नाही. आमच्या बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूरकडं किती घरात खालीच माग, दिवसभर खडखडाट चालू, त्यातच स्वयंपाक आणि त्यातच पोरांचा अभ्यास. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका दुपारी डबा घेऊन बागेत यायच्या, थोडा वेळ कानाला आराम म्हणून. पहाटे गावाकडनं भाजी घेऊन आलेल्या बायका माल संपला की बुट्टी उशाला घेऊन झाडाखाली आडव्या व्हायच्या, बसची वेळ होईपर्यंत. हॉटेलात चहा घेतल्याशिवाय बसू देत नाहीत, मग ह्यांनी जायचं कुठं? सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांसाठी ट्रॅक झाला, ओपन जिम झाली, ते चांगलंच आहे, मी पण संध्याकाळी चालते. पण एकाची सोय करताना दुसऱ्याची होती ती काढून कशाला घ्यायची.

आणि ती फरशी! जिथं माती होती तिथं सगळीकडं पेव्हर ब्लॉक, झाडांच्या बुडाला अगदी खोडापर्यंत सिमेंट. मुळाला पाणी नाही, हवा नाही. दिल्लीत हरित लवादानं २०१३ सालीच झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आणि इकडं आम्ही आता नवीन घालतोय. बेळगावचा पाऊस काय साधा आहे का, जूनपासनं लागला की लागला, त्यात वारं सुटलं की अशीच मुळं गुदमरलेली झाडं पहिली पडतात. पाठ टेकायचे जुने बाक पण गेले, आता ग्रॅनाइटचे कट्टे आहेत, दिसायला छान, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाठीला आधार नाही की उठताना हाताला काही नाही.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरात बेळगावचं नाव आलं तेव्हा आम्हाला किती आनंद झाला होता, तेव्हापासनं गावात सुधारणा म्हटलं की आधी फरशी आणि लाईट असंच होऊन बसलंय. काही बोललं की लोक म्हणतात बाग विकली नाही, बिल्डिंग बांधली नाही, मग तक्रार कसली. कर्नाटकात बागा आणि मैदानं राखायला १९८५ चा कायदा आहे, त्यामुळं जागा सहजासहजी दुसऱ्या कामाला लावता येत नाही हे खरं, पण कुलूप घातलेली बाग त्या कांडीवाल्या बायकांच्या काय कामाची?

म्हणून अर्ज लिहायचं ठरवलंय. दुपारी गेट उघडं ठेवा, झाडांच्या बुडातलं सिमेंट फोडा, निदान चार बाक पाठीचे द्या, आणि टायमिंगच्या बोर्डावर कन्नडबरोबर मराठी पण लिहा. शेजारच्या पोरीचं कन्नड चांगलं आहे, ती लिहून देते म्हणाली. सह्या मात्र दुपारी यायच्या त्या बायकांच्याच पहिल्या घ्यायच्या, उद्या मागाची सुट्टी झाली की घरोघरी जाते.