मराठीतून फ्रेंच: सर्वनामं कुठे बसतात

सर्वनामांचा धडा सुरू झाला की माझ्या क्लासात इंग्रजीला बंदी असते. ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत मी फ्रेंच शिकवते. दुपारी नववी-दहावीची मुलं येतात. त्यांनी फ्रेंच घेतलंय ते बहुतेक संस्कृत नको म्हणून. संध्याकाळी मोठी माणसं येतात, ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांतून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून, दमलेली आणि भुकेली. त्यांना कॅनडाला जायचं असतं. तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर स्थलांतरित निवडायच्या पद्धतीत, चारही कौशल्यांत एनसीएलसी 7 (कॅनडाच्या फ्रेंच मोजायच्या पट्टीवरची सातवी पायरी) गाठलं की फ्रेंचचे जादा गुण मिळतात, 25 किंवा 50, ते इंग्रजी किती चांगलं त्यावर. 2023 पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघायला लागल्या. तेव्हापासून माझी संध्याकाळची बॅच कधी रिकामी नाही.

दोन्ही बॅचना एकच खोड असते. डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं आणि मग त्यातला एकेक शब्द फ्रेंच केला जातो. इंग्रजीत ‘हिम’ क्रियापदानंतर येतो, म्हणून हे लोक फ्रेंच ‘ल’सुद्धा शेवटी नेऊन ठेवतात आणि ‘ज व्वा ल’ म्हणतात. ते चूक आहे. बरोबर वाक्य ‘ज ल व्वा’. आता हे मराठीत म्हणा: मी त्याला पाहते. मी, त्याला, पाहते. ज, ल, व्वा. एकही शब्द हलवावा लागत नाही. आपण जन्मापासून सर्वनाम क्रियापदाच्या आधीच ठेवत आलो आहोत, आणि फ्रेंच शिकताना नेमकी तीच सवय इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी गेटबाहेर सोडून येतो.

(फ्रेंच इथे देवनागरीत लिहिते आहे, उच्चार जेमतेम बसतात, सांभाळून घ्या. आणि फ्रेंच ‘ला’ म्हणजे ‘तिला’. आपल्या ‘ला’ प्रत्ययाशी त्याचं काही नातं नाही.)

दोन सर्वनामं आली की पुस्तकात एक तक्ता असतो, बाणाबिणांचा. तो बघून मुलांचे चेहरे पडतात. मी तक्ता उघडायच्या आधी म्हणते, “मी तुला ते देते. करा फ्रेंच.” ज त ल दॉन. पुन्हा तोच क्रम: मी, तुला, ते, देते. नकार घाला, ‘ज न त ल दॉन पा’, तरी ‘त ल’ची जोडी हलत नाही. ‘मला त्याला भेटायचंय’मध्ये ‘त्याला’ भेटण्याला चिकटून आहे, तसंच ‘ज व्य ल रांकाँत्रे’मध्ये ‘ल’ दुसऱ्या क्रियापदाला चिकटतो. सतराव्या शतकापर्यंत फ्रेंच लोक हाच ‘ल’ पहिल्या क्रियापदाच्याही आधी नेत असत, ‘ज ल व्य...’ अशी वाक्यं करत. आता ते जुनाट वाटतं. ‘फेर’ म्हणजे ‘करवून घेणं’ मात्र अजून तसंच वागतं. गाडी दुरुस्त करून घेते: ज ला फे रेपारे.

तक्ता खरा लागतो तो फक्त तिसऱ्या पुरुषात. ‘मी ते त्याला देते’ आणि ‘मी त्याला ते देते’ दोन्ही मराठीत चालतं. फ्रेंचमध्ये फक्त पहिलं: ज ल ल्वी दॉन. ‘ल, ला, ले’ आधी, ‘ल्वी, लर’ नंतर, मग ‘ई’ (तिथे), सगळ्यात शेवटी ‘आँ’ (त्यातलं). लोकलमध्ये लेडीज डबा फलाटावर कुठे येणार हे ठरलेलं असतं, तसं. कोणी धावत आलं म्हणून डबा सरकत नाही.

इथवर मराठी जिवाभावाची मैत्रीण. पुढे तीच दगा देते. ‘मी तिला पाहिलं’ आणि ‘मी तिला फोन केला’, दोन्हीकडे ‘तिला’. फ्रेंचमध्ये पाहिलेली ती ‘ला’ आणि फोन केलेली ती ‘ल्वी’, कारण तिथे फोन कोणाला तरी ‘आ’ हा ‘ला’सारखा शब्द लावून करतात. आपला ‘ला’ दोघींना एकाच पिशवीत घालतो. ल्वीमध्ये तर तो आणि ती हा भेदही नाही, त्याला असो की तिला, ल्वीच. घणसोलीहून येणारा एक मुलगा वैतागून म्हणाला, “मॅडम, मग आमच्या मराठीचा उपयोग काय?”

उपयोग आहे. माणूस काढा आणि वस्तू घाला. मी तिला पाहिलं. मी झाड पाहिलं. ‘ला’ गळून पडला. म्हणजे फ्रेंचमध्ये थेट कर्म: ल, ला, ले. मी तिला पाणी दिलं. मी झाडाला पाणी दिलं. ‘ला’ टिकला. म्हणजे ल्वी. मी तिला फोन केला. मी बँकेला फोन केला. टिकला, ल्वी. ‘मी तिला ओळखते, मी ही गल्ली ओळखते’ यात गळला, म्हणून ज ला कोने. ही युक्ती कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, फळ्यापुढे उभी असताना सुचली, आणि चालते. ‘त्याच्याशी बोलते’, ‘त्याच्यासारखी दिसते’ अशी शेपटं दिसली की बहुतेक ल्वी. ‘चा-ची-चं’ दिसलं की बहुतेक थेट: त्याची वाट पाहते, त्याचं ऐकते, त्याचे आभार मानते. तिन्हीकडे फ्रेंचला मध्ये ‘आ’ लागत नाही.

फसते ती ‘मदत’. शाळेला मदत केली, ‘ला’ टिकला, आणि तरी फ्रेंचमध्ये ते थेट कर्म. ते पाठ करा, इलाज नाही. आणि ‘आईचं ऐकणं’. कान देऊन ऐकलं तर थेट, सांगितल्याप्रमाणे वागलं तर ‘ओबेईर’, म्हणजे ल्वी. दहावीच्या मुलांना हा फरक मी फार समजावत नाही. त्यांच्या आयांनी तो आधीच पुरेसा समजावलेला असतो.

उलट एक जागा अशी आहे, जिथे इंग्रजीवाले घाम गाळतात आणि आपण मांडी घालून बसू शकतो. मला ते आवडतं: सा म प्ले. मला वाटतं: इल म सांब्ल. मला वेळ हवाय: इल म फो दू ताँ. ‘मला’ पुढे आणि आवडणारी गोष्ट कर्ता, ही रचना आपल्या हाडीमाशी आहे. ‘तुझी आठवण येते’चं ‘तू म मांक’ होतं, त्यात ‘तू’ कर्ता आणि ‘म’ म्हणजे मला. इंग्रजीतून येणारा इथे हमखास उलटं बोलतो आणि पॅरिसच्या मैत्रिणीला ‘तुला माझी आठवण येते’ असं परस्पर सांगून टाकतो.

भूतकाळाचंही तसंच. चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला: क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये थेट कर्म ‘आव्वार’ या भूतकाळाच्या सहायक क्रियापदाच्या आधी आलं की तसंच होतं. ती चिठ्ठी मी लिहिली, तर ‘एक्रित’. तो निबंध, तर ‘एक्री’. सर्वनाम आधीच येत असल्याने नियम कायम लागू. ल्वीने मात्र काही बदलत नाही, जसं ‘मी तिला सांगितलं’मध्ये ‘ती’मुळे काही बदलत नाही. फ्रेंचांची स्वतःचीच मुलं या नियमाने रडतात. 2018 मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी ‘आव्वार’बरोबरचा हा बदल काढूनच टाका म्हटलं, तर केवढा गदारोळ झाला. आपल्याला ते दुःख निम्मंच. ‘मी तिला पाहिलं’ इथे तेवढं जपायचं. आपलं ‘पाहिलं’ ढिम्म, त्यांच्या ‘व्यू’ला (पाहिलं) लिहिताना शेवटी एक e हे अक्षर चढतं. ऐकू येत नाही, गुण मात्र जातात.

राहिली आज्ञा. ‘मला ते दे’ हे ‘म ल दॉन’ होत नाही, ‘दॉन-ल-म्वा’ होतं. सगळं उलटं. ‘देऊ नको’ म्हटलं की पुन्हा सरळ: न म ल दॉन पा. मुलं विचारतात, असं का? कारण जुनं आहे. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये ही हलकी सर्वनामं वाक्याच्या तोंडाशी उभी राहू शकत नव्हती, त्यांना पुढे कोणीतरी लागे. आडोल्फ टोब्लर आणि आडोल्फो मुसाफिया या एकोणिसाव्या शतकातल्या दोन अभ्यासकांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. आज्ञेत पुढे कोणीच नाही, म्हणून सर्वनाम मागे गेलं. नकारात ‘न’ पुढे उभा आहे, म्हणून ते आपल्या जागी राहिलं. बाकी भाषेने तो नियम केव्हाच सोडला, आज्ञेत तेवढा शिल्लक आहे. हे कळल्यावर दुपारच्या बॅचमधली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे पाठ करायचं नाही?” करायचंच गं. पण निदान कोणावर चिडायचं ते कळलं.

कॅनडावाल्यांना शेवटी एक इशारा देते. क्यूबेकमध्ये बोलताना लोक ‘न’ गाळतात, आणि ‘देऊ नको’साठी ‘दॉन-म्वा-ल पा’सारखं काहीतरी ऐकू येतं. पुढचा ‘न’ गेला आणि सर्वनाम पुन्हा मागे सरकलं. मॉन्ट्रियलला पोचल्यावर खुशाल तसं बोला, शेजारी खूश होतील. टीईएफ या फ्रेंचच्या परीक्षेच्या लेखी पेपरात मात्र ‘न म ल दॉन पा’च.